युरिया टाक की!

परवा ऑफिसच्या पँट्रीत एका सहकाऱ्याने त्याच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याचा फोटो दाखवला. पानं पिवळी पडलेली. चहा संपायच्या आत चार जणांनी चार सल्ले दिले आणि चारही सल्ल्यांचा अर्थ एकच: काहीतरी टाक. युरिया टाक, एकोणीस-एकोणीस टाक, चहाचा चोथा टाक. आमच्या डीबीएने तर एप्सम सॉल्टची लिंकसुद्धा पाठवली. कुंडीत माती कुठली आहे, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

म्हणजे लॉग न उघडताच सर्व्हर रिस्टार्ट करण्यातला प्रकार झाला. आणि गंमत म्हणजे इथे लॉग पानावरच लिहिलेला असतो. झाडाला नत्र कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना पुरवू शकतं. लोह कमी पडलं की उलटं होतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण लोह एकदा एका पानात गेलं की तिथून सहसा हलत नाही. फोटोतला कढीपत्ता दुसऱ्या प्रकारचा होता. त्याला पोतंभर युरिया घातला असता तरी ती पानं हिरवी झाली नसती.

बरं, मग मातीत लोह नव्हतं का? होतं की! कुंडीत आपली नेहमीची काळी माती होती आणि बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत लोह भरपूर असतं. पण ती चुनखडीची, सामू आठच्या वर, आणि त्यात सोसायटीच्या बोअरवेलचं जड पाणी रोज घातलं जात होतं. सामू एक अंकाने वाढला की पाण्यात विरघळू शकणारं फेरिक लोह जवळपास हजार पटीने घटतं. डेटाबेसमध्ये रेकॉर्ड आहे, पण युजरला परमिशन नाही, असं काहीसं.

तर मंडळी, आजचा विषय माती. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. माती म्हणजे खताचं गोदाम, रिकामं झालं की भरायचं, ही जी समजूत आपण शाळेपासून घेऊन फिरतो तिने कुंड्यांचं थोडं आणि शेतांचं खूप नुकसान केलेलं आहे. माती झाडाला काय देते यापेक्षा ती काय धरून ठेवते आणि काय जाऊ देते, हा प्रश्न बहुतेक वेळा जास्त महत्त्वाचा असतो.

झाड मातीपासून बनत नाही, हे कळून पावणेचारशे वर्षं झाली. बेल्जियमच्या व्हॅन हेल्माँटने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका कुंडीत भरली, त्यात पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती साधारण दोन औंस! हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. तो अर्धाच बरोबर होता, कारण हवेतल्या कार्बनचा पत्ता तेव्हा कुणालाच नव्हता. पण मातीच्या बाबतीत त्याचा तराजू खोटं बोलत नव्हता. झाडाचं बहुतेक वजन हवेतून आणि पाण्यातून येतं. मातीतून येतात ती खनिजं, चिमूटभर.

मग एवढ्याशा चिमटीसाठी माती इतकी महत्त्वाची कशी? कारण मुळांना श्वास लागतो, पाणी लागतं आणि ती चिमूटसुद्धा योग्य वेळी, योग्य रूपात लागते. पुस्तकातल्या आदर्श मातीच्या आकारमानात निम्मी जागा घन पदार्थांची असते आणि उरलेली निम्मी चक्क रिकामी. त्या रिकाम्या जागेत अर्धं पाणी, अर्धी हवा. म्हणजे चांगल्या मातीतला निम्मा माल हा माल नसतोच!

ही रिकामी जागा कशी असेल ते कणांचा आकार ठरवतो. वाळूचे कण मोठे, त्यांच्यातल्या फटी मोठ्या, पाणी सरळ खाली. दोन मायक्रॉनपेक्षा बारीक ते चिकणमातीचे कण. आपल्या काळ्या मातीत जी चिकणमाती असते (स्मेक्टाइट जातीची) तिच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग ६०० ते ८०० चौरस मीटर भरतो. हिंजवडीच्या भाषेत सांगायचं तर साडेसातशे स्क्वेअर फूट कार्पेटचे दहा टूबीएचके, एका ग्रॅममध्ये. बिल्डर लोकांना हे अजून कळलेलं नाही हे आपलं नशीब :-)

या पृष्ठभागावर ऋण भार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम असे धन भाराचे आयन तिथे चिकटून बसतात आणि मुळं ते हळूहळू उचलतात. कुठला आयन जास्त बसलाय, यावर मातीचं सगळं वागणं ठरतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या भाषेतले मातीचे शब्द बघा. काळी, भारी, मध्यम, हलकी, मुरमाड, बरड, पोयटा, खारवट, चोपण. यातला एकही शब्द नत्र-स्फुरद-पालाशबद्दल बोलत नाही. प्रत्येक शब्द सांगतो तो खोली किती, पाणी धरते किती आणि सोडते किती. प्रयोगशाळा नसलेल्या लोकांनी केलेली ही वर्गवारी आहे आणि ती आजही कामाची आहे. आपण मात्र ती टाकून देऊन पिशवीवरचे तीन आकडे पाठ केले.

मंगळवेढ्याची ज्वारी घ्या. मालदांडी. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच, आणि तरी पीक येतं. कशावर? तर त्या भारी काळ्या जमिनीने पोटात साठवून ठेवलेल्या ओलीवर. मीटरभर खोल भारी जमीन झाडाला वापरता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी धरू शकते. तीच ज्वारी मुरमाड माळावर त्याच तारखेला पेरा आणि वर खताच्या दुप्पट पिशव्या ओता, दिवाळीनंतर तिने माना टाकलेल्या दिसतील. तिथे कमी पडलेलं असतं ते साठवणीचं भांडं, खत नव्हे.

आणि घाट उतरून रत्नागिरीकडे गेलं की चित्र उलटं. मूळ खडक बराचसा तोच, दख्खनचा बेसॉल्ट. पण वर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. लाखो वर्षांच्या या धुलाईत कॅल्शियम-मॅग्नेशियम वाहून गेलं आणि मागे राहिली लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. तोच तो जांभा. माती आम्लधर्मी, आयन धरून ठेवायची ताकद काळ्या मातीच्या मानाने साधारण दहाव्या हिश्श्याची, पण निचरा एकदम फर्स्टक्लास. हापूसला आणि काजूला ते मानवतं. भारी काळ्या रानात पाणी साचलं की आंब्याची मुळं गुदमरतात. एकाच खडकाच्या दोन माती, फरक केला पावसाने.

गंमत सांगतो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, दोन्हीकडे अडकतो. कोकणात त्याला लोह आणि ॲल्युमिनियम पकडून ठेवतात, देशावर कॅल्शियम. त्यामुळे 'अमुक पिकाला एकरी अमुक पिशव्या डीएपी' हा सल्ला दोन्हीकडे सारखाच छापून देणाऱ्याने दोन्हीपैकी एकही माती हातात घेतलेली नसते, असं मी खुशाल समजतो.

असो. आता मुळात ज्यासाठी लिहायला बसलो त्या मुद्द्याकडे.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठचं. ऊस, ऊस आणि ऊस. काका शेती करतात. सातबाऱ्यावर काकांसकट अकरा नावं आहेत आणि त्यातले आम्ही सात जण पुणे, मुंबई, बंगळूर आणि एक जण न्यू जर्सीला. रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या बाजूला जो तुकडा आहे तिथे ऊस उगवतच नाही. ठिगळं दिसतात. उन्हाळ्यात कडेला पांढरा थर येतो. "मीठ फुटलंय" असं गावात म्हणतात. पाऊस पडला की त्या तुकड्यात पाणी दिवसेंदिवस गढूळ उभं राहतं आणि वाळलं की जमीन अशी होते की कुदळ मारली तर ठिणगी उडेल. चोपण.

हे आमच्या एकट्याचं नाही. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या पट्ट्यात कुठेही जा, असे तुकडे दिसतील. आणि हे कसं झालं, याचं गणित कुठल्याही इंजिनिअरला पाठीमागच्या पानावर करता येईल. ते करूनच बघू.

उसाला वर्षाला कमीत कमी १५०० मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. आमच्याकडचा पाऊस त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकीचं नदीतून उपसून किंवा विहिरीतून. पण पूर्वापार पाटाने पाणी सोडायची पद्धत अशी की गरजेपेक्षा जास्तच सुटतं. म्हणून एकरी १५०० मिलिमीटर बाहेरूनच आलं असं समजू. झाले ६० लाख लिटर. पाणी एकदम गोडं आहे असं धरा, लिटरला फक्त अर्धा ग्रॅम क्षार. म्हणजे तुमच्या घरच्या प्युरिफायरवाल्याच्या भाषेत टीडीएस ५००, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात बसणारं. गुणाकार करा. ३० लाख ग्रॅम. एकरी तीन टन क्षार, दर वर्षी!

पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. ऊस त्यातला थोडासा उचलतो. खाली निचरा असेल तर पाऊस बाकीचे धुऊन नेतो. निचरा नसेल तर? भारी काळ्या जमिनीत जात्याच निचरा कमी. वर्षानुवर्षं पाणी पाजून खालच्या पाण्याची पातळी वर आलेली. ती जमिनीपासून चार-पाच फुटांवर आली की बारीक फटींतून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं, पृष्ठभागावर सुकतं आणि मीठ ठेवून जातं.

मिठाने झाडाचं काय होतं हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, म्हणून आई ते वाढायच्या वेळी घालते. मुळांचं तेच. मातीतलं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढून घेता येत नाही. रान ओलं आणि ऊस तहानलेला.

पण हा झाला क्षारपड जमिनीचा प्रकार, आणि तो त्यातल्या त्यात सोपा. निचरा काढला आणि गोड्या पाण्याने धुतली तर अशी जमीन सुधारते. खरं दुखणं पुढचं. पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे मातीतलं कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला बसतं आणि त्या दहा टूबीएचकेत (विसरला नसालच) रिकाम्या झालेल्या जागी सोडियम राहायला येतं. कॅल्शियमचा आयन दोन भारांचा, तो चिकणमातीच्या कणांना एकत्र धरून ठेवतो, त्यांचे रवे बनतात, रव्यांमध्ये फटी राहतात. सोडियम एका भाराचं आणि अंगाभोवती पाण्याचा गराडा घेऊन फिरणारं. ते बसलं की कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगतात आणि फटींमध्ये जाऊन बूच बसवल्यासारखे बसतात. चिकटलेल्या एकूण आयनांत सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण धरतात. मग पाणी खाली जात नाही, हवा आत येत नाही, मुळं गुदमरतात. मातीत नत्र, स्फुरद, पालाश कितीही असो.

आणि अशा जमिनीवर आपण काय टाकतो? युरिया. सामू साडेआठच्या वर असेल तर वर फेकलेल्या युरियातलं नत्र मोठ्या प्रमाणात अमोनिया होऊन हवेत जातं. पण तो स्वस्त आहे. ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैसे. सरकारने २०१० मध्ये पोषकद्रव्यांवर आधारित अनुदान आणलं तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला, त्याचा भाव बांधलेलाच राहिला. शेतकरी अडाणी म्हणून युरिया टाकत नाही. जे सगळ्यात स्वस्त आणि ज्याने चार दिवसांत हिरवं दिसतं, ते तो टाकतो. आपणही तिमाहीच्या शेवटी कोडला असेच पॅच मारतो, तेव्हा उगाच हसू नये.

जमीन आरोग्य पत्रिकेबद्दलही माझी तक्रार आहे. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला सुरू झाली. कल्पना चांगलीच. त्यात बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. पण चिकणमाती किती, खोली किती, पाणी मुरतं किती वेगाने, चिकटलेलं सोडियम किती, चुनखडी किती, यातलं काहीच त्या बारात नाही. शिवाय सुरुवातीच्या पद्धतीत बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना. आमच्या सहा एकरांत वरचं रान सोनं आणि खालचं चोपण, दोन्हींची सरासरी काढली तर कागदावर 'मध्यम' येणार! सरासरी रिस्पॉन्स टाइम बघून सिस्टीम ठणठणीत आहे म्हणणारे मॅनेजर आठवले.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात खालच्या तुकड्याचा नमुना वेगळा काढला. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खड्डे घेतले, बाजूची माती तासून एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलोवर आणली. बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. प्रयोगशाळेत सोडियमची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागली. सामू ८.९ आणि सोडियम २२ टक्के.

अहवाल घेऊन मी काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, यावर उपाय जिप्सम. तुम्ही कधी टाकलंय का?"

काका हसले. "टाकलंय की. दोन वरसं टाकतोय. पर त्यातनं सुटलेलं मीठ जाणार कुठं? पाण्याला खालनं वाट नगो?"

माझ्या दोन महिन्यांच्या वाचनाचं सार या माणसाने एका ओळीत सांगितलं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण हुसकावलेलं सोडियम रानाबाहेर गेलं नाही तर ते तिथेच घुटमळत राहतं. बाहेर जायला निचरा हवा. म्हणजे साधारण तीन-चार फूट खोल, ठरावीक अंतरावर, गाळण गुंडाळलेले छिद्रांचे पाइप टाकायचे, ते एका मोठ्या पाइपाला जोडायचे आणि तो ओढ्यात सोडायचा. हे तंत्र नवीन नाही. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून आहे, आमच्या जवळच कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी गट करून अशी रानं पुन्हा पिकाखाली आणली आहेत.

मग अडतं कुठे? आता मी तुमच्याकडे वळतो. होय, तुमच्याकडेच, ज्यांचं नाव कुठल्यातरी सातबाऱ्यावर आहे आणि जे गणपतीला दोन दिवस गावी जाऊन फोटो काढून येतात. निचऱ्याचा खर्च एका हंगामाच्या उसाच्या बिलातून निघत नाही आणि त्याचा फायदा दोन-तीन वर्षांनी दिसायला लागतो. जो कसतो त्याच्या हातात एवढी रक्कम नसते आणि ज्यांच्या हातात असते त्यांची नावं फक्त उताऱ्यावर. काकांनी एकट्याने खर्च करायचा आणि उद्या वाटणी झाली की सुधारलेला तुकडा आपल्यापैकी कुणाला तरी जायचा, हा कुठला न्याय? आपण नव्या गाडीच्या डाउनपेमेंटला जेवढे घालतो, तेवढ्यात आमच्या खालच्या तुकड्यातला प्रत्येकाचा वाटा निघतो. मी हिशोब करून पाहिला आहे.

'विकून टाकू, तसंही काही पिकत नाही' हा पर्याय भावंडांच्या ग्रुपवर लगेच आला. तोही हिशोबाने तपासावा. चोपण म्हणून विकायला काढलेल्या जमिनीचा भाव काय येतो हे मी दोन ठिकाणी विचारलं आणि ग्रुपवर टाकलं. त्यानंतर विक्रीची भाषा जरा थंडावली. न्यू जर्सीवाल्याने आरओआय विचारला. त्यालाही एक्सेल शीट पाठवली, वर लिहिलं की पहिली दोन वर्षं लाल दिसतील, घाबरू नकोस. दोन्ही आत्यांनी मात्र काहीही न विचारता आपापला वाटा देतो म्हणून कळवलं. 'सेंद्रिय करा, सगळं आपोआप सुधारेल' असं एक चुलतभाऊ म्हणाला. शेणखत आणि हिरवळीचं खत लागणारच आहे, ताग-धैंचा घेऊन गाडायचाच आहे, पण बुजलेल्या नळीत कितीही चांगलं पाणी ओतलं तरी नळी मोकळी होत नाही. आधी पाइप, मग जिप्सम, मग धैंचा. क्रम बदलून चालणार नाही.

आजच्या तारखेला अकरापैकी आठ जण तयार आहेत. पण आमच्या रानातून ओढ्याकडे जायचं तर मध्ये शेजाऱ्यांची वीस गुंठे पट्टी लागते आणि मोठा पाइप तिच्यातूनच न्यावा लागणार. त्यांचंही रान खालून पांढरं पडत चाललंय, पण तीस वर्षांपूर्वी बांधावरून झालेलं भांडण अजून ताजं आहे. काका म्हणाले, "रविवारी जातो त्येंच्याकडं. तू बी ये, कागद घिऊन ये." सामूचे आणि सोडियमचे आकडे छापून घेतलेत. त्यांच्या रानाचाही एक नमुना काढायला मिळाला तर बरं, म्हणून रिकामी पिशवी बरोबर घेतो आहे.